जुन्या पिकअपला पॉवर स्टेअरिंग बसवलं, माझा अनुभव

आमची पिकअप 2004 ची, इंजिन अजून खणखणीत आहे पण स्टेअरिंग साधं, आणि काम म्हणजे बेळगाव मार्केटमधनं भाजी भरायची आणि जांबोटी, कणकुंबी, चोर्ला करत गोव्यात साखळी गावाला उतरायचं. घाटात लोड गाडी वळवून वळवून बाबांचा उजवा खांदा पार गेलेला, गाडी विकायला ते तयार नव्हते, म्हणून मग पॉवर स्टेअरिंगच बसवायचं ठरवलं.

त्याच मॉडेलला पुढं पॉवर स्टेअरिंग आलेलं, त्याचाच स्टेअरिंग बॉक्स, ऑईलला प्रेशर देणारा पंप, ऑईलचा डबा आणि ड्रॉप आर्म (बॉक्समधनं चाकांचे दांडे हलवणारा हात) असा सगळा सेट जुन्या सामानात मिळवला. दुसऱ्या गाडीचा बॉक्स स्वस्तात मिळत होता पण मग चेसिसला भोकं पाडा, वेल्डिंग करा, आणि स्टेअरिंगसाठी चेसिसला गॅस लावायचा नाही हे माझं पक्कं होतं. बॉक्स खोलून सगळे सील नवीन टाकले. हे कराच, स्टेअरिंग टोकाला गेलं की आत 80 बारच्या वर प्रेशर जातं, तिथं जुनं सील काय टिकणार.

बॉक्स बसायला काही त्रास नाही. चाकं सरळ ठेवायची, बॉक्सचे या टोकापासनं त्या टोकापर्यंतचे फेरे मोजून बरोबर निम्म्यावर आणायचा, मग ड्रॉप आर्म चढवायचा. खरं काम पंपाचं. पंप फिरवणाऱ्या पट्ट्यासाठी इंजिनच्या क्रँकच्या पुलीला जादा खाच नव्हती, ती पुली बदलली, आणि पंपाचा ब्रॅकेट बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यात करून घेतला. मिस्त्रींनी दोन्ही पुल्यांवर स्टीलची पट्टी आडवी धरली, फट दिसत होती, मग 'इन्नू स्वल्प, इन्नू स्वल्प' (कानडीत 'अजून थोडं') करत एकेक वॉशर घालून ती फट घालवली. इथं घाई करू नका, पुली तिरकी राहिली तर पट्टा ओरडतो आणि कडेनं सोलत जातो.

प्रेशरचा पाईप हायड्रॉलिकच्या दुकानातनं तारेचा, दोन्ही टोकं मशीनवर दाबून घेतला आणि सायलेन्सरपासनं लांब बांधला. काहीजण तिथं साधा पाईप आणि क्लिप लावतात ते बघून अंगावर काटा येतो, गरम ऑईल उडून सायलेन्सरवर पडलं तर गाडी पेटेल. परतीच्या पाईपला क्लिप चालते.

मग एटीएफ ऑईल (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं लाल ऑईल) भरलं, पुढची चाकं जॅकवर, इंजिन बंद ठेवूनच स्टेअरिंग सावकाश दोन्हीकडं फिरवत हवा काढली, डब्यात बुडबुडे यायचे थांबले तेव्हाच इंजिन चालू केलं. तरी पंप घूंऽऽ करायला लागला आणि लाल ऑईल गुलाबी फेसासारखं दिसायला लागलं. गळती कुठंच नाही. मिस्त्री म्हणाले, "गळत नाही तर हवा ओढतोय की." डब्यातनं पंपाला येणाऱ्या पाईपची क्लिप ढिली होती, ती आवळून गाडी रात्रभर तशीच ठेवली, सकाळी आवाज गेला.

आता बाबा स्वतः साखळीपर्यंत गाडी नेतात, रात्री खांद्याला शेक लागत नाही, माझ्यासाठी हेच सगळं. फक्त एक ध्यानात ठेवा, घाटात पट्टा तुटला तर हे स्टेअरिंग साध्यापेक्षाही जड होतं, म्हणून नवा पट्टा आणि पाने सीटखाली कायम असतात. काही फेऱ्या झाल्यावर बॉक्सचे बोल्ट परत आवळून घेतले, अलाइनमेंटही करून घेतली.