आमची वाटचाल: मशीन आधी आलं, पाय मागून आले

२०११ च्या दिवाळीआधी आम्ही पहिली १० इंची माइटर सॉ, म्हणजे लाकडाला हव्या त्या कोनात काप देणारी विजेची करवत, घेतली. साईटवर तिला या नावाने कुणी हाक मारत नाही, ‘कटिंग मशीन’ किंवा नुसतंच ‘मशीन’. नारळ फोडला, हळदकुंकू वाहिलं आणि मशीन फरशीवर ठेवलं. पुढची चार वर्षं ते फरशीवरच राहिलं. ही वाटचाल लिहायला बसलो तेव्हा पहिली ऑर्डर, पहिला टेम्पो, पहिलं बुडालेलं बिल असलं काहीबाही आठवत होतं. पण आमच्या धंद्याचे खरे दोनच भाग पडतात. मशीन जमिनीवर होतं तेव्हाचा आणि ते स्टँडवर उठलं तेव्हापासूनचा.

जमिनीवर ठेवलं, कारण आमचं सगळं कामच जमिनीवर चालायचं. अण्णा, म्हणजे माझे वडील, वाईजवळच्या गावात बलुत्याची सुतारकी करायचे. नांगर, तिफण, कुळव, बैलगाडीची डागडुजी. उकिडवं बसायचं, लाकूड पायाच्या अंगठ्यात धरायचं आणि पटाशी चालवायची. पुण्यात आल्यावर भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये एका वखारीत ते लागले, तिथेही बैठक तीच. मी २००६ मध्ये दोन मिस्त्री घेऊन चौकटी, आर्किट्रेव्ह (चौकटीभोवतीची पट्टी), स्कर्टिंग अशी कामं लेबर रेटवर उचलायला लागलो. त्या दोघांतले एक मामा. माझे सख्खे मामा नव्हेत, पण सगळी साईट त्यांना मामाच म्हणते. मामांचं ठाम मत होतं, “सुतार बसला की काम बसतं.” धंदाही बसतो, हे पुढे कळलं.

मशीनचा पाटा, म्हणजे लाकूड ठेवायची सपाट जागा, जमिनीपासून साडेतीन-चार इंच उंच असतो. सात फुटी चौकटीचा उभा कापायचा तर त्याचं दुसरं टोक बरोबर तेवढ्याच उंचीवर टेकायला हवं. आम्ही काय करायचो, तर हाताला येईल ते खाली सरकवायचो. टाइलचा खोका, प्लायचे तुकडे, एकदा तर दुपारचा डबा. पाच बाय अडीच इंची सागवानी उभा दहा-अकरा किलोंचा असतो. टोक खाली लोंबलं की पाट्यावरचा भाग किंचित उचलला जातो आणि काप काटकोनात राहत नाही. टोक जास्त उंच टेकवलं तर उलट होतं. काप मिटत जातो, पातं आवळलं जातं आणि मशीन उडी मारतं. त्या उडीची सवय झाली होती आम्हाला, ही आज सगळ्यात भीतीदायक वाटणारी गोष्ट.

कापात चूक राहिली तरी रंगकामात ती झाकायची सोय असते. सूतभर फट पडली तर पेंटर लांबी, म्हणजे पुट्टी, भरतो. आमच्यात म्हणायचेच, मापाची लांबी चुकली की डब्यातली लांबी काढायची. पण २०१५ मध्ये बाणेरला एक काम मिळालं ते सागाचं, मेलामाइन पॉलिशचं. पॉलिशखाली लांबीचा डाग लपत नाही, उलट उठून दिसतो. २२ दारं, प्रत्येक दाराला दोन्ही बाजूंनी आर्किट्रेव्ह, एका बाजूला दोन कोपरे. म्हणजे ८८ जोड, सगळे पंचेचाळीस अंशांचे.

आर्किटेक्ट मॅडम पाहणीला आल्या. काही बोलल्या नाहीत. पर्समधून व्हिजिटिंग कार्ड काढलं आणि कोपऱ्यातल्या फटीत सरकवलं. गेलं. मग दोन कार्डं एकत्र धरून सरकवली, तीही गेली. पुढच्या दाराशी चार. मी मागे उभा राहून त्यांची कार्डं मोजत होतो. ३१ जोड नव्याने करावे लागले, साग आमच्या खिशातून.

आधी दोष पात्याला दिला. ६० दात्यांचं काढून ८० दात्यांचं चढवलं. मग मशीनला दिला, कोन बिघडला असेल म्हणून गुण्या लावून तपासला. फूटभर पट्टी कापली, तर पंचेचाळीस म्हणजे पंचेचाळीस. सात फुटी पट्टी कापली, तर बिघडला. पुन्हा फूटभर, पुन्हा बरोबर. मशीनला काही झालेलंच नव्हतं, बिघाड पट्टीच्या शेपटीत होता. हिशेब सोपा आहे. ७५ मिमी रुंद पट्टीच्या प्रत्येक तुकड्यात नुसता अर्धा अंश चुकला, तर दोन्ही मिळून एक अंश होतो आणि जोडाच्या टोकाशी जवळजवळ २ मिमी फट पडते. अर्धा अंश डोळ्याला दिसत नाही, फट मात्र पॉलिशवाल्यापासून मालकिणीपर्यंत सगळ्यांना दिसते.

मग धायरीच्या एका फॅब्रिकेटरकडून स्टँड बनवून घेतला. २५ मिमीचा चौकोनी पाइप, १६ गेज, मध्ये मशीनची बैठक, दोन्ही बाजूंना चार-चार फुटांचे हात. वजन भरलं ३८ किलो. पहिल्याच साईटवर लिफ्ट सुरू झालेली नव्हती आणि आमचा फ्लॅट चौथ्या मजल्यावर. पोरांनी त्याचं नाव ‘तिरडी’ ठेवलं, चौघांनी उचलावा लागायचा म्हणून. शिवाय वेल्डिंगच्या उष्णतेने एक हात ओढला गेला होता. नव्या कोऱ्या स्टँडचा उजवा हात पाट्यापेक्षा २ मिमी वर! म्हणजे डब्यावर टेकवलेलं टोक आणि हे, फरक काय? शेवटी हातांवरच्या टेकूंना नट-बोल्ट लावून घेतले, वरखाली करता येतील असे. कुणी बनवून घेणार असेल तर हे आधीच सांगा. वेल्डिंगने कायमचा केलेला टेकू कधीच पाट्याच्या रेषेत येत नाही.

आणखी एक भांडण झालं ते उंचीवरून. मी पुस्तकी हिशेबाने पाटा ३६ इंचांवर ठेवला. मामांची उंची पाच फूट दोन इंच. त्यांना खांदे उचलून मशीन दाबावं लागायचं. दोन दिवस त्यांनी निमूट केलं, तिसऱ्या दिवशी मशीनचे बोल्ट काढले आणि ते परत फरशीवर. मी चिडलो. तेव्हा मामा म्हणाले, “तुझ्या उंचीचा केलायस, माझ्या कामाचा नाही.” खरंच होतं. दिवसभर मशीनवर ते असायचे, मी फक्त मापं सांगायचो. पाय तीन इंचांनी कापून आणले. महिन्याभरात मामांचे गुडघे उतरताचढताना कुरकुर करेनासे झाले. हे त्यांनी स्वतः कबूल केलेलं नाही, मामींनी सांगितलं.

२०१८ मध्ये तयार, घडीचा ॲल्युमिनियमचा स्टँड घेतला. तेव्हा आम्ही दोन साईट एकदम चालवत होतो आणि ‘तिरडी’ एकच होती. बाजारात चाकांचे, एका झटक्यात उभे राहणारे स्टँडही होते, दिसायला झकास. लिफ्ट असलेल्या इमारतीत किंवा कारखान्यात ते उत्तम. पण राबिटवर (विटा-सिमेंटच्या तुकड्यांवर), वाळूवर, अर्धवट जिन्यावर चाक म्हणजे फक्त वाढीव वजन. आम्ही सरळ घडीच्या पायांचा घेतला. एकटा माणूस काखेत मारून जिना चढतो.

घेताना मशीन रिक्षात घालून दुकानात नेलं. दुकानदार हसला, “साहेब, सगळ्याला बसतं.” बसवून पाहिलं तर आमच्या मशीनच्या पायांची भोकं एका मॉडेलच्या पट्ट्यांच्या खाचेबाहेर जात होती. दुसऱ्याला बसली. ज्या पट्ट्यांवर मशीन कसून बसतं त्या झटक्यात सुटतात का, सुटल्यावर पुन्हा घट्ट बसतात का, थोडंही डगडगतं का, हे हाताने हलवूनच कळतं, कागदावर वाचून नाही. मग स्टँडचे हात पूर्ण लांब करून टोकाला मी स्वतः दोन्ही हातांनी भार दिला. टोकाशी रोलर होता, तो मी नाकारला. रोलर फेन्सला (पट्टी जिला टेकवून कापतात त्या मागच्या कडेला) काटकोनात नसला की पट्टी हळूच बाजूला सरकत राहते. सपाट टेकूवर ती जिथे ठेवाल तिथे राहते. शेवटचं म्हणजे, हात आत घेतल्यावर अडीच फुटी जागेतून तो जातो का ते मोजलं. तुम्हाला हसू येईल, पण टाइल बसायच्या आधी बऱ्याच साईटवर सावली आणि प्लग पॉइंट एकत्र फक्त बाथरूमबाहेरच्या बोळातच मिळतात.

प्लगवरून आठवलं. मशीन १६०० वॅटच्या आसपास, म्हणजे सात अँपिअर. पोरं बारीक वायरचं घरगुती एक्स्टेन्शन लावायची, मशीन ओढत नाही म्हणून पात्याला शिव्या. आता अडीच चौरस मिमीची तीन तारांची केबल आणि बोर्डावर ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच), त्याशिवाय काम सुरू होत नाही. गळ्यातला गमछाही आधी खाली.

या सगळ्यात पैसा कशाने वाचला म्हणाल, तर स्टँडच्या हातावर सरकणाऱ्या स्टॉपने, म्हणजे पट्टीचं टोक टेकवायच्या अडणीने. एकसारख्या चाळीस पट्ट्या असतील तर टेप एकदाच लावायचा. पूर्वी प्रत्येक पट्टी मोजली जायची आणि प्रत्येक मोजणीत पेन्सिलीची जाडी घुसायची. दोन गोष्टी मात्र पोरांना रोज सांगाव्या लागतात. स्टॉपच्या तोंडाशी भुसा साचतो, तो झटकला नाही तर पट्टी अर्धा मिमी आखूड येते. आणि पातं आणि स्टॉप यांच्यामधला तुकडा मोकळा सोडायचा नाही, तो हाताने वा क्लॅम्पने धरलेलाच हवा. मोकळा राहिला की पात्याला अडकून भिरकावला जातो. वीतभर तुकडा असेल तर हात नकोच, क्लॅम्पच.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये आमची राजस्थानची आणि उत्तर प्रदेशातली मुलं गावी गेली. नऊ जणांचे तिघे उरलो. मी, मामा आणि माझा भाचा. काम सुरू करायची परवानगी मिळाली तेव्हा हातात १४ फ्लॅटच्या चौकटी होत्या. मामा मशीनवर, भाचा लाकूड देणार, मी चौकटी बसवणार. शेपूट धरायला माणूस लागत नव्हता, तो स्टँड धरत होता. नाहीतर ते काम सोडून द्यावं लागलं असतं. मुलं परत आली तेव्हा त्यांनाही स्टँडवरच काम करायला लावलं, फरशीवर कुणी बसलं की भाचाच ओरडायचा.

‘तिरडी’ आता धायरीच्या शेडमध्ये आहे, तिच्यावर १२ इंची सरकतं मशीन बसवलंय. ते मागे सरकतं म्हणून तिला भिंतीपासून दोन फूट पुढे ओढावं लागलं, त्यात मामांची चहाची जागा गेली. ॲल्युमिनियमच्या स्टँडचा डावा खटका आता झिजलाय, लांब उभा टाकला की हात थोडा खाली बसतो. पोरं खाली प्लायचा तुकडा सरकवतात. मी पाहिलं, आणि त्याच संध्याकाळी फॅब्रिकेटरला फोन केला. तिसरा स्टँड ॲल्युमिनियमच्या पाइपात, टेकू बोल्टवर, पायांना भोकं म्हणजे उंची बदलता येईल. उद्या माप द्यायला जायचंय. मामांनी सांगून ठेवलंय, माप ते देणार, मी फक्त गाडी चालवायची.