तुम्ही विचारलंत म्हणून: 36 डिग्रीत एवढं काय होतं?

एप्रिल लागला की अकोल्याहून फोन येतात आणि प्रत्येक फोनवर हा प्रश्न असतो. "आमच्याकडे 44 आहे, ठाण्यात 36. एवढ्याशा उन्हात काऊन हाशहुश करता बाप्पा?" मी मूळची अकोल्याचीच. लग्न होऊन ठाण्यातल्या कोपरीत आले तेव्हा मलाही असंच वाटायचं. ते मत बदललं आईच्या कुरडयांमुळे.

तीन वर्षांपूर्वी मेच्या सुरुवातीला आई आमच्याकडे राहायला आली. रिकामं बसणं तिला जमत नाही. तिने गहू भिजत घातले, चीक शिजवला आणि बाल्कनीत जुन्या साडीवर कुरडया घातल्या. अकोल्यात सकाळी घातलेली कुरडई संध्याकाळी उलटता येते आणि दुसऱ्या दिवशी कडकडीत होते. इथे तिसऱ्या दिवशीही बोटाने दाबली की वाकायची, खालून साडीला चिकटलेली. "ऊन तं आहे, मग वाळत काऊन नाही?" आई दर तासाला जाऊन बघायची.

खाडी आणि समुद्रामुळे इथल्या हवेत आधीच इतकी वाफ असते की कुरडईतलं पाणी ती घेईनाशी होते. आपल्या घामाचंही तेच होतं. अंग गार होतं ते घाम वाळल्यामुळे. नुसता गळून गेलेला घाम अंगातलं पाणी आणि मीठ घेऊन जातो, गारवा मात्र देत नाही. थर्मामीटरच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळून वारा दिला की हा फरक आकड्यात दिसतो. 44 डिग्रीच्या कोरड्या हवेत, आर्द्रता 10 टक्के असेल तर, तो पारा साधारण 21 पर्यंत उतरतो. 36 डिग्रीला आर्द्रता 60 टक्के असेल तर तो 29 च्या आसपासच अडकतो. अंगाला घामातून किती गारवा मिळू शकेल, ते या आकड्यावरून कळतं.

आईने अकोल्याच्या सवयीने दुपारी खिडक्या लावून घेतल्या आणि आमचा जुना कूलर पाणी भरून सुरू केला. मी कामावरून आले तर ती ओट्याला टेकून खाली बसलेली, पोटऱ्यांत गोळे आलेले, ब्लाउज पिळून काढावा इतका भिजलेला. बंद घरात कूलर हवेत आणखी वाफच सोडत होता. मी खिडक्या उघडल्या, पंखा पूर्ण केला, मानेवर आणि काखेत ओली फडकी ठेवली. लिटरभर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि त्याच चमच्याने अर्धा चमचा मीठ घालून घोट घोट पाजलं. तासाभरात ती सावरली. ती नीट बोलत होती, म्हणून हे घरी निभावलं. माणूस असंबद्ध बोलू लागला किंवा भान हरपलं, तर तो उष्माघात समजून लगेच 108 ला फोन करायचा आणि गाडी येईपर्यंत अंगावर पाणी ओतत वारा घालायचा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालायचं नाही.

कमी आकड्याने माणूस गाफील राहतो, याची मला खरोखर भीती वाटते. 16 एप्रिल 2023 ला खारघरला उघड्या मैदानावर भर दुपारी झालेल्या कार्यक्रमानंतर 14 जण उष्माघाताने गेले. त्या दिवशी पारा चाळिशीच्या आत होता.

तेव्हापासून आमचं घर वेगळं चालतं. कूलरचा पंप बंद, तो नुसता पंखा म्हणून खिडकीशी. स्वयंपाक सकाळी आठच्या आत. दुपारी हातपाय ओले करून पंख्याखाली बसायचं. हवा दमट असली तरी वाहता वारा थोडा घाम नेतोच. कोकम सरबतात मीठ हवंच. जांभळी नाक्याहून ताडगोळे आणते, पण सकाळीच. एसी एका खोलीत आहे, रात्री झोपेपुरता लावतो. दुपारी कुरिअर घेऊन येणाऱ्या मुलाला पाणी दिल्याशिवाय मी सही करत नाही. पत्र्याच्या केबिनमध्ये बसणाऱ्या आमच्या वॉचमनकाकांना बारा ते चार जिन्याखाली बसू द्यावं, म्हणून सोसायटीत भांडले आणि ते मान्य करून घेतलं.

आणि रोज मी पश्चिमेच्या खिडकीचा पडदा बघते. दुपारच्या सुमारास समुद्राकडचा वारा आला की तो हलतो आणि पारा थोपतो. काही दिवस पूर्वेचा, जमिनीवरून येणारा गरम वारा समुद्राच्या वाऱ्याला अडवून धरतो. त्या दिवशी पारा भराभर चढतो, आणि मी बाहेरची सगळी कामं संध्याकाळवर ढकलते.

आई आता कुरडया अकोल्यातच वाळवते आणि डबा भरून पाठवते. मेमध्ये तिचा फोन साधारण एकच्या सुमारास येतो. ती डिग्री विचारत नाही. "पडदा हलला का गं?" एवढंच विचारते.