वाफसा, ताडपत्री आणि तिसऱ्या बेसचा कोपरा

सकाळी नऊ वाजता बेसबॉलच्या मैदानाच्या मातीत मोटारीची किल्ली खुपसून बघायची, हे आमचं दिवसातलं पहिलं काम. किल्ली सहज आत गेली आणि बाहेर येताना माती चिकटून आली, तर ओल जास्त. आत जायलाच तयार नसेल, तर माती विटेसारखी झाली. थोडा जोर लावून जावी, निघताना स्वच्छ निघावी आणि भोकाची कड ढासळू नये. शेतकऱ्याला हे एका शब्दात सांगता येतं: वाफसा. इथल्या सहकाऱ्यांकडे असा नेमका शब्द नाही. ते बुचाच्या फळीची उपमा देतात. बुटाचा खिळा आत जावा, बाहेर यावा, मागे फक्त भोक राहावं.

गाव ओहायो राज्यातलं टोलेडो. ईरी सरोवराच्या पश्चिम टोकाला, मॉमी नदीच्या काठी, पावणेतीन लाखांच्या आतबाहेर वस्ती. एवढ्याशा शहराला खेळांचा सोस मात्र मोठा. १९१९ च्या ४ जुलैला जॅक डेम्प्सीने जेस विलार्डला हरवून हेवीवेट विजेतेपद घेतलं ते इथेच. इन्व्हर्नेस क्लबवर गोल्फची यूएस ओपन चारदा झाली आणि २०२१ मध्ये महिलांचा सोलहाइम करंडकही. हिवाळ्यात वॉलाय संघाची बर्फावरची हॉकी, शरदात विद्यापीठाच्या रॉकेट्सचं फुटबॉल, एप्रिलमध्ये ग्लास सिटी मॅरेथॉन. पण शहराची ओळख म्हणजे मड हेन्स, डेट्रॉइट टायगर्स या बड्या बेसबॉल संघाचा ट्रिपल-ए, म्हणजे एक पायरी खालचा संघ. मड हेन म्हणजे अमेरिकी कूट. आपल्याकडे ज्याला चांदवा किंवा वारकरी म्हणतात, त्याचा हा भाऊबंद. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस संघाचं मैदान दलदलीशेजारी होतं, तिथे हे पक्षी असायचे, म्हणून हे नाव पडलं. चिखलाचं नाव लावणाऱ्या संघाच्या गावात चिखल होऊ न देण्याची नोकरी करायची, हा विनोद इथे प्रत्येक नव्या माणसाला एकदा ऐकवला जातो.

मी ज्या मैदानावर काम करतो ते मड हेन्सचं नाही. आमच्याकडे कॉलेजच्या पोरांचे उन्हाळी सामने होतात आणि दीड-दोन हजार माणसं आली तर गर्दी झाली म्हणायचं. पण इनफिल्डची, म्हणजे चार बेसभोवतालच्या आतल्या भागाची, मापं सगळीकडे तीच. दोन बेसमध्ये, म्हणजे धावणाऱ्याने गाठायच्या टप्प्यांमध्ये, ९० फूट. पिचरच्या, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याच्या, पट्टीपासून फलंदाजापुढची होम प्लेट ६० फूट ६ इंच. पिचरचा उंचवटा, म्हणजे माउंड, १० इंच उंच, पट्टीपुढे सहा इंचांवर उतार सुरू होतो आणि तो दर फुटाला एक इंच. त्यामुळे पावसात इनफिल्डवर घालायचा टार्पसुद्धा मोठ्या मैदानांवर असतो तोच, १७० फूट बाय १७० फूट. हिशेब केला तर साडेसव्वीस गुंठ्यांची ताडपत्री, कोरडी असताना साडेपाचशे किलोच्या आसपास. फरक इतकाच, की मोठ्या मैदानांवर ती ओढायला वीस माणसं असतात आणि आमच्याकडे त्या गुरुवारी बारा होती. त्यातले पाच तिकीट खिडकीवरचे.

क्रिकेटची सवय असलेल्याला यातली एक गोष्ट उलटी वाटते. आपली खेळपट्टी पाणी देऊन, रोलर फिरवून, मग वाळवून टणक करायची असते. बेसबॉलच्या इनफिल्डची माती साधारण दोन तृतीयांश वाळू आणि बाकी गाळ व चिकणमाती अशी असते, आणि तिला सामनाभर ओल लागते. ओल गेली की वर भुगा सुटतो, चेंडू वेडावाकडा उसळतो आणि सरकत बेस गाठणाऱ्या खेळाडूची मांडी सोलते. म्हणून आम्ही सकाळी भरपूर पाणी देतो, म्हणजे दोन-तीन इंच खोल भिजेल इतकं. दुपारी पुन्हा, फलंदाजीचा सराव संपला की पुन्हा, सामन्याच्या आधी शेवटचा हलका हात. टार्प मैदान कोरडं ठेवायला असतो असं प्रेक्षकांना वाटतं. खरं तर दिवसभर मोजूनमापून दिलेल्या पाण्यावर आभाळाने आणखी ओतू नये, म्हणून तो घालायचा.

त्या गुरुवारी ३३ अंश होतं. रडारवर इंडियानाच्या बाजूने वादळांची एक रांग येताना दिसत होती, पण ती नऊच्या पुढे पोचेल असा अंदाज होता. सामना सातचा. टार्प ज्यावर गुंडाळलेला असतो तो रोलर आमच्याकडे पहिल्या बेसच्या बाजूच्या कुंपणाला असतो आणि तिथून टार्प तिसऱ्या बेसकडे ओढतात. नियम साधा आहे: वारा पाठीवर घेऊन ओढायचं. वाऱ्याच्या तोंडावर ओढलं की टार्पचं शीड होतं. सहा वाजता झेंड्यावर सरोवराकडून येणारी झुळूक दिसत होती, म्हणजे आमच्या सोयीची. झेंडा बघायचं काम माझं. रोलर आहे तिथेच राहू दे, असं मी सांगितलं.

चूक तिथेच झाली. येणाऱ्या वादळासाठी झेंडा बघायचा नसतो, वादळाची दिशा बघायची असते. पावसाबरोबर वरून कोसळणारी थंड हवा जमिनीवर आपटून पुढे पसरते आणि सरींच्या काही मिनिटं आधी येऊन थडकते. तोवरची झुळूक तिच्यापुढे टिकत नाही. वादळ पश्चिमेकडून येत होतं, म्हणजे वारा तिसऱ्या बेसकडून येणार होता. दुसऱ्या आणि तिसऱ्या इनिंगच्या (इनिंग म्हणजे दोन्ही संघांची फलंदाजीची एकेक पाळी) मधल्या दोन मिनिटांत रोलर पलीकडे नेऊन ठेवता आला असता.

पावणेआठला तिसऱ्या इनिंगमध्ये अंगावर गार हवा आली आणि झेंडा गरकन फिरला. सामन्याआधी मैदान खेळण्याजोगं आहे की नाही हे यजमान ठरवतात. यजमान संघाची खेळाडूंची यादी अंपायरच्या हाती गेली की निर्णय त्याचा. त्याने हात उंचावले तेव्हा पहिले टपोरे थेंब पडत होते. बेस उपटले, रोलर ढकलला, टार्प लांबीत उलगडला आणि घड्या धरून पळत सुटलो. निम्म्यापर्यंत ठीक चाललं. मग कड वर उचलली गेली आणि खाली हवा शिरली.

अशा वेळी एकच आरोळी असते: "सोडा!" हातांनी धरून ठेवायचं नाही, दोर मनगटाला गुंडाळायचा नाही, वर उडी मारून दाबायचं नाही. साडेपाचशे किलोंचं कापड माणसाला सहज उचलून फेकतं. टार्पला गमतीत घेणाऱ्या पोरांना आम्ही १९८५ ची गोष्ट सांगतो. सेंट लुईसमध्ये यांत्रिक टार्प तिथल्या संघाच्या व्हिन्स कोलमन या खेळाडूच्या पायावरून गेला आणि ऐन प्लेऑफमध्ये त्याचा मोसम संपला. आमच्या पोरांनी वेळेवर हात सोडले. बाकीच्यांनी उरलेल्या तीन कडा धरून टार्प बसवला, वाळूच्या पिशव्या टाकल्या. पण तिसऱ्या बेसमागचा कोपरा पंधरा फूट उलटून पडला होता. तो परत ओढून आणेपर्यंत चार-पाच मिनिटं गेली, आणि मग वीज जवळ आल्यावर सगळ्यांना आत पळावं लागलं.

आठ बाय सहा फुटांची माती उघडी राहिली, एवढंच. पण नुकसान तेवढ्या जागेवर पडलेल्या पावसाने झालं नाही. टार्पवर पडलेलं पाणी उताराने त्या उघड्या कोपऱ्याकडे वाहत आलं. संध्याकाळभरात अर्धा इंच पाऊस झाला. टार्पच्या क्षेत्रफळावर तो साधारण चौतीस हजार लिटर होतो, म्हणजे मोठे तीन टँकर. त्यातला कितीतरी भाग मिळेल त्या वाटेने इनफिल्डमध्येच उतरला. शिवाय बेस जिच्यात बसतो ती जमिनीतली चौकोनी नळी घाईत उघडीच राहिली. बेस काढला की तिच्यावर रबरी बूच लावायचं असतं. पहिल्या आणि दुसऱ्या बेसला ते लावलं होतं, तिसऱ्याला नव्हतं.

शेवटची वीज दिसल्यापासून तीस मिनिटं मोजून बाहेर आलो. टार्प काढतानाची खरी कसब पाणी कुठे ओतायचं यात असते. एक कड उचलून समोरच्या कडेवर चालत न्यायची, म्हणजे पाणी पुढे पुढे लोटलं जातं. ते फाउल रेषेबाहेरच्या गवतावर सोडायचं. आउटफिल्डमध्ये सोडलंच, तर जिथे खेळाडू उभा राहत नाही अशा ठिकाणी. टार्प निघाल्यावर बाकीचं इनफिल्ड बघून बरं वाटलं. किल्ली टोचली, सकाळचाच वाफसा. आणि तिसऱ्या बेसशी पिठल्यासारखं काहीतरी.

तिकीट खिडकीवरच्या एका उत्साही मुलाने शेडमधून सुकवणीच्या दाण्यांच्या दोन पिशव्या आणल्या, प्रत्येकी पन्नास पौंडांच्या, आणि मी ओरडेपर्यंत साचलेल्या पाण्यात ओतूनही टाकल्या. असं करायचं नसतं. हे दाणे म्हणजे भट्टीत भाजलेली किंवा दळलेली सच्छिद्र माती. ओलसर मातीतली उरलेली ओल ते शोषतात. उभ्या पाण्यात टाकले की त्यांचा निसरडा लगदा होतो आणि दुसऱ्या दिवशी तो वाळला की तिथे भुसभुशीत खड्डा तयार होतो. डबकं फावड्याने किंवा रबरी पात्याने ढकलायचंही नसतं. पाण्याबरोबर बारीक माती गवताच्या कडेला जाऊन बसते, तिथे बांध तयार होतो आणि पुढच्या पावसात तोच बांध पाणी अडवतो. आमच्याकडे गेल्या वर्षी असा पाऊण इंचाचा बांध झाला होता. तो काढायला दोन सकाळी गेल्या.

मग रीतसर कामाला लागलो. त्या तुकड्यावर पाय ठेवायचा नाही, कडेला फळ्या टाकून त्यावर गुडघे टेकायचे. मोठ्या स्पंजांनी पाणी टिपून बादलीत पिळायचं. सपाट फावड्याने वरचा इंचभर लगदा खरवडून ढकलगाडीत भरायचा. खालची माती काट्याने टोचून मोकळी करायची, म्हणजे नवी माती तिला धरते. शेडमध्ये झाकणाच्या बादल्यांत त्याच मिश्रणाची कोरडी माती आम्ही नेहमी ठेवतो. ती अर्ध्या अर्ध्या इंचाच्या थरांनी घालायची, प्रत्येक थर धुमसाने ठोकायचा. एकदम सगळी ओतली तर वरून घट्ट आणि आतून पोकळ राहते. सगळ्यात वर भाजलेल्या दाण्यांचा पाव इंचाचा थर आणि दातेरी दांडा फिरवून सपाटी.

नळीतला चिखल चमच्याने काढावा लागला. खरंच, खाद्यपदार्थांच्या टपरीवरून लांब दांड्याचा चमचा मागवला. नळीत थोडी जरी माती राहिली तरी बेस पूर्ण बसत नाही, अर्धा इंच वर राहतो आणि त्यावर घोटा मुरगळतो. एकट्या नळीलाच सहा मिनिटं गेली.

शेवटी चुन्याच्या रेषा. आम्ही चुना म्हणतो, पण ती चुनखडीची पूड असते. कळीचा चुना वापरला तर कातडी आणि डोळे भाजतात. पूड ओल्या मातीवर पडली की रेषा पसरून जाड दिसते, म्हणून तिसऱ्या बेसजवळचे दहा फूट सगळ्यात शेवटी मारले. टार्प काढल्यापासून खेळ सुरू होईपर्यंत ४७ मिनिटं लागली. कोपरा उलटला नसता तर पंचवीस पुरली असती. तिसऱ्या बेसवरच्या खेळाडूने बुटाने माती दोनदा खरवडून पाहिली, गुडघ्यावर हात ठेवून उभा राहिला आणि काही बोलला नाही. पाचव्या इनिंगमध्ये तिथे एक जोरदार सरपटी चेंडू आला. तो सरळ ग्लोव्हमध्ये गेला.

सामना अकरा वाजून गेल्यावर संपला. माउंडवर पिचरचा पाय जिथे पडतो तिथे तीन इंचांचा खड्डा होता आणि बॅटरच्या चौकटीत दोन. ही माती वेगळी असते, जास्त चिकट, आणि ती कोरड्या खड्ड्यात भरली तर सकाळी खपलीसारखी निघून येते. म्हणून आधी भुगा झाडून काढायचा, मग खड्डा भिजवायचा, मगच माती घालून ठोकायची आणि वर छोटं कापड झाकायचं. एवढं सगळं आभाळातून पडून गेल्यावर पावणेबारा वाजता मी नळ सोडला आणि नळी माउंडकडे ओढत निघालो.