डच बेबी आणि ओटीजीचा खोटारडा दिवा

ओटीजीचा, म्हणजे घरातल्या छोट्या विजेच्या ओव्हनचा, दिवा विझला म्हणजे ओव्हन तापला असं समजू नका. हे एवढं कोणी आधी सांगितलं असतं तर माझे तीन रविवार आणि सात अंडी वाचली असती.

लेकीने मोबाइलवर दाखवलेला प्रकार. डच बेबी म्हणतात त्याला, ओव्हनमध्ये फुगणारं जाडसर धिरडंच म्हणा. नाव डच, पण मूळ जर्मन. 'डॉइच' म्हणजे जर्मन, त्याचं अमेरिकेत 'डच' झालं आणि सिअ‍ॅटलच्या मांकाज कॅफेमुळे ते रूढ झालं, असं सांगतात. पीठ आपल्या घावनासारखं पातळ, फक्त ते कडकडीत तापलेल्या भांड्यात ओतून ओव्हनमध्ये ढकलायचं. पिठातल्या पाण्याची वाफ होते, अंडं ती धरून ठेवतं आणि कडा भांड्याबाहेर चढून येतात. बेकिंग पावडर लागत नाही. आईचा यावर अजूनही विश्वास नाही. "चिमूटभर इनो टाक, बघ कसं फुगतं," हे ती चारही वेळा म्हणाली.

पहिल्या रविवारी मोठ्या हौसेने बिडाचा तवा काढला, तर त्याच्या दांड्यामुळे ओटीजीचं दार लागेना. तापलेला तवा हातात, पीठ तयार, आणि दार अर्धं उघडं. शेवटी केकचा आठ इंची डबा घेतला. तीन अंड्यांचं पीठ त्यात जास्त झालं. आठ इंचाला दोन अंडी, पाव कपाहून थोडा जास्त मैदा, तेवढंच दूध आणि चिमूटभर मीठ पुरतं. वर जायफळ किसा, त्याशिवाय अंड्याचा वास जात नाही. एवढं करून ते फुगलंच नाही. लेक चाखून म्हणाली, "बाबा, हे गोड ऑम्लेट आहे."

दुसऱ्या रविवारीही तेच. ओव्हनच नीट तापत नसावा म्हणून मी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला फोन लावला, आणि तिथून पुढचा आठवडा वाया गेला. सोमवारी तक्रार नोंदवली. मंगळवारी मेसेज आला, 'आमचे तंत्रज्ञ आज ४ ते ६ या वेळेत येतील.' अर्धा दिवस रजा टाकून घरी बसलो. कोणी आलं नाही. बुधवारी पुन्हा तोच मेसेज, वेळसुद्धा तीच. फोन केला तर "तुमची तक्रार वर पाठवली आहे सर". गुरुवारी मी ऑफिसात असताना सर्व्हिस सेंटरचा मुलगा दारात. ठाण्यात वर्तकनगरला घरी रिक्षाने धावत आलो. त्याने बटण फिरवलं, कॉइल लाल झाल्या, आत हात धरला आणि म्हणाला, "गरम होतंय की सर."

"हो, पण २२० वर ठेवल्यावर २२० होतंय का?"

"लाल झालं म्हणजे चालू आहे सर."

तापमान मोजायचं काही आणलंय का, असं विचारलं तर त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याच्याकडे पंचांग मागितलं. फोटो काढला, ओटीपी घेतला, तपासणीचे साडेतीनशे घेतले आणि गेला. तो लिफ्टमध्ये शिरेपर्यंत मेसेज हजर: 'आपल्या तक्रारीचे समाधानकारक निराकरण झाले आहे. कृपया पाच तारे द्या.' मी एक दिला. त्यावर लगेच फोन आला, एक का दिला म्हणून! तक्रारीला चार दिवस आणि ताऱ्याला चार मिनिटं.

तिसऱ्या रविवारीही फसल्यावर चारशे रुपयांचा ओव्हन थर्मामीटर मागवला. जाळीला टांगायचा, काटा असलेला. बटण २२० वर ठेवलं. दहाव्या मिनिटाला दिवा विझला तेव्हा काटा होता १६५ वर! म्हणजे मी तीन आठवडे कोमट भांड्यात पीठ ओतत होतो. आता बटण सरळ २५० वर ठेवतो, रिकामा डबा आत ठेवून पंचवीस मिनिटं तापवतो, मग काटा २१५-२२० ला टेकतो. दार उघडलं की तो झरकन तीसेक अंशांनी उतरतो, म्हणून पीठ चोच असलेल्या भांड्यात तयार ठेवा. लोणी टाकायचं, तडतडलं की पीठ ओतायचं, दार बंद. मग पंधरा मिनिटं उघडून बघायचं नाही. अंडी-दूध फ्रिजमधून आधीच बाहेर काढून ठेवा, हे सांगायचं राहिलं.

आता साखर. आईला मधुमेह, त्यामुळे गूळ-खजूर घालून 'बिनसाखरेचं' करावं असं डोक्यात होतं. तिच्या डॉक्टरांनी एका वाक्यात निकाल लावला: गूळ, खजूर, मध सगळं साखरेच्याच खात्यात. मग हे पर्याय फक्त चवीसाठी. जांभळी नाक्यावरून आणलेली खारीक बिया काढून, मंद भाजून मिक्सरला लावली. तिसऱ्या रविवारी ती पिठातच घातली होती. ती विरघळत नाही, तळाशी बसून जळली. पिठात साखर नसली तरी फुगण्याला काही फरक पडत नाही, गोड काय ते वरून. आयसिंग शुगर विकत आणू नका. एक कप साखर आणि एक चमचा कॉर्नफ्लोअर मिक्सरला फिरवा, झाकण मात्र दोन मिनिटांनी उघडा, नाहीतर चष्म्यावर बसते. साखरेला चमचाभर काकवी चोळली की ब्राउन शुगर तयार. ही मला सगळ्यांत आवडली.

चौथ्या रविवारी कड इतकी चढली की वरच्या कॉइलला टेकून काळा ठिपका पडला. जाळी सगळ्यांत खालच्या खाचेत ठेवा. मी आनंदाने ओरडलो, लेक फोटोला धावली. बाहेर काढल्यावर मिनिटाभरात ते खाली बसतंच, तसं असतं ते. आईने तळहाताएवढा तुकडा घेतला, वर नुसती खारकेची पूड, आणि मधला खळगा बोटाने दाबून बघितला.

"बसलं की रे. इनो टाकला असतास तर..."