हजार कॅरेक्टर, स्पेस धरून

शनिवार, रात्रीचे साडेअकरा वाजून गेलेत, झोप येत नाहीये.

जेवताना मुक्ता म्हणाली, "आई, एव्हरीवन हॅज अ डेड ग्रँडमदर." भांडून वगैरे नाही हं, वरणभात कालवता कालवता म्हणाली आणि लगेच लोणचं कुठंय विचारलं. शेखर हसला. मी उठून लोणचं आणून दिलं. तेव्हापासून ते वाक्य डोक्यातून जात नाहीये.

मुक्ता इथे अमेरिकेत मेडिकलला अर्ज करतेय. विषय तोच, तिच्या कॉलेजातल्या सेकंड इयरची फॉल सेमिस्टर. ऑर्गॅनिक केमिस्ट्रीला सी मायनस, फिजिक्सला सी, आणि एक कोर्स मधेच सोडला त्याचा डब्ल्यू. मेन निबंधात तिनं यातलं काही घातलंच नव्हतं. ते ५३०० कॅरेक्टर डॉक्टर का व्हायचंय ते सांगायला असतात, तिथे मार्कांचं रडगाणं नको असं अ‍ॅडव्हायजरबाईंचं म्हणणं, आणि ते मलाही पटलं होतं. पण आता जुलै लागला, सेकंडरी, म्हणजे एकेका कॉलेजचे वेगळे प्रश्न, यायला लागल्या, आणि एका कॉलेजनं सरळच विचारलंय की तुमच्या शैक्षणिक रेकॉर्डमधल्या कशाबद्दल कमिटीला काही सांगायचंय का. हजार कॅरेक्टर, स्पेस धरून.

तिच्या पहिल्या ड्राफ्टमधे माझी आई होती, म्हणजे तिची आजी. दोन वाक्यं. त्या ऑक्टोबरात आजी गेली, माझी आई सांगलीला होती, मी इथे एकटी होते, असं काहीतरी. वाचून मला गलबलून आलं आणि खरं सांगायचं तर बरंही वाटलं. दुसऱ्या ड्राफ्टमधे तिचं "अ डेथ इन द फॅमिली" झालं. कोणाची डेथ, काय, काही नाही. आज तिसरा वाचला तर तेही गायब. आता तिथे एवढंच आहे की त्या सेमिस्टरला मी मागे पडले आणि कोणाकडे मदत मागितली नाही. त्यापुढे सगळं नंतरचं, ऑर्गॅनिक परत घेतली ती ए, शेवटच्या दोन वर्षांतले ग्रेड, मग ते एक वर्षाचं मास्टर्स त्यात चारपैकी ३.८, आणि मेडिकलची प्रवेशपरीक्षा, एमकॅट, तिथे ५१४. बाईंचा फॉर्म्युलाच आहे, झालं काय ते एका ओळीत, बदललं काय ते दोन ओळीत, बाकी सगळा पुरावा. वाचणारा माणूस असले शेकडो वाचतो, त्याला दुःख नकोय, हे पुन्हा होणार नाही एवढंच बघायचंय त्याला.

कळतं मला. पण माझी आई हजार कॅरेक्टरमधे बसली नाही, हे काही घशाखाली उतरत नाहीये.

आणि पुरावा पुरावा तरी किती द्यायचा पोरीनं. परत घेऊन ए मिळवला तरी एमडीच्या, म्हणजे इथल्या नेहमीच्या मेडिकल कॉलेजांच्या, अर्जात जुना सी मायनस पुसला जात नाही, दोन्ही धरतात, १.७ पण आणि ४ पण. डीओवाले, म्हणजे ऑस्टिओपॅथीची मेडिकल कॉलेजं, पूर्वी परत घेतलेल्या कोर्सचा नवा ग्रेडच धरायचे, ते २०१७ ला बंद झालं, तरी दर पॉटलकला कोणीतरी तीच टिप देतंच आणि शेखर दर वेळी तेच उत्तर देतो. मास्टर्सचे मार्क वेगळ्या रकान्यात, कॉलेजच्या जीपीएत, म्हणजे ग्रेडच्या सरासरीत, ते मिसळत नाहीत, सायन्सचे विषय तर परत वेगळे मोजतात. म्हणजे ३.४ ती ३.४च राहणार, आणि अ‍ॅडमिशन मिळालेल्यांची सरासरी ३.७ च्या वर. शेखरच्या एक्सेलमधे हे सगळं रंग भरून आहे, मी उघडत नाही.

आमच्या वेळी बारावीचे पीसीबीचे मार्क आले की विषय संपला. कोणी विचारलं नाही की बाई गं, काय झालं होतं त्या वर्षी. आता नीटचं तरी काय, एक पेपर, एक आकडा, कारणाचा रकाना कुठे असतो? मला कधी वाटायचं, कोणीतरी विचारायला हवं होतं. हिला विचारतायत तर ही सांगत नाही. मला विचारलं असतं तर हजारात मावलं नसतं, आणि त्यात बाबा... जाऊ दे.

आईसाठी सांगलीला असताना दर रविवारी फोन करायचे मी हिला. "छान चाललंय" म्हणायची. मी हॉस्पिटलच्या जिन्यात उभी असायचे, मलाही तेच ऐकायचं असणार.

भांडी लावताना शेवटी विचारलंच, की आजीचं काढलंस ते बाईंनी सांगितलं म्हणून का? तर म्हणाली, नाही. म्हणाली, "आई, ऑर्गॅनिकची पहिली मिडटर्म सप्टेंबरमधे होती. मी तेव्हाच फेल झाले होते. आजी तेव्हा बरी होती, तिनं मला व्हॉट्सअ‍ॅपवर मोदकांचा फोटो पाठवला होता."

आता यावर काय बोलणार.

म्हणजे आई धडधाकट होती, मोदक करत होती, आणि इकडे हिचं केमिस्ट्रीत पाणी शिरलं होतं. इतकी वर्षं मी सगळ्यांना सांगत आले की आजीचं झालं ना, फार मनाला लावून घेतलं तिनं, ती सेमिस्टरच गेली. दादाला सांगितलं, सासूबाईंना सांगितलं, पॉटलकला तर सांगितलंच असेल. मुक्ता शेजारी उभी राहून ऐकायची, कधी काही बोलली नाही. कारण तिला नको होतं, मलाच हवं होतं वाटतं. आई गेल्याचं दुःख होतंच, त्याला निदान एका सी मायनसचा तरी आधार होता.

आईनं ऐकलं असतं तर म्हणाली असती, तुमच्या पोरीचे मार्क माझ्या नावावर कशाला खपवता? जन्मभर मराठी शिकवलं तिनं, निबंधात कोणी मुद्दा सोडून आजी-आजोबा आणले की लाल पेननं आख्खा परिच्छेद उडवायची, मार्जिनमधे लिहायची "विषयाला धरून लिहा". माझ्याही वहीत लिहिलंय. हिच्या पहिल्या ड्राफ्टमधली स्वतःची दोन वाक्यं तर तिनं आधी उडवली असती, आणि वर "मी तुला मोदक पाठवले होते आणि तू नापास झालीस?" हे ऐकवलं असतं ते वेगळंच.

तरी वाईट वाटतंय. वाटू दे.

आत्ता परत वाचला. अकरा कॅरेक्टर जास्त होते. दोन ठिकाणी "व्हेरी" होतं, ते काढलं, पुढच्या स्पेससकट दहाच कमी झाले, मग कुठे एक फालतू स्वल्पविराम सापडला. मदत मागितली नाही त्या वाक्याला हात लावला नाही. तिथे काहीतरी घालावंसं वाटलं खरं, पण जागाच नाही. उद्या सकाळी सबमिट करते म्हणाली. अजून बऱ्याच यायच्यात, प्रत्येकीचा प्रश्न वेगळा, प्रत्येकीची फी वेगळी, शेखरनं त्याचा नवा कॉलम केलाय, जांभळा.