‘पंप गेलाय’ म्हणे! फ्रंट लोडमधल्या फेसाचा माझा अनुभव

काचेपर्यंत फेस, डिस्प्लेवर ९ मिनिटं, आणि ती ९ मिनिटं काही केल्या ८ व्हायला तयार नाहीत. फ्रंट लोड, म्हणजे समोरून दार असलेलं वॉशिंग मशीन असं अडकलं की आपण हेल्पलाइनला फोन लावतो. तिथून ‘इंजिनिअर येतील’ असं उत्तर मिळतं. इंजिनिअर येतात आणि खालचं झाकणही न उघडता सांगतात, पंप गेलाय, बदलावा लागेल. आमच्याकडे अगदी हेच झालं. पंप ठणठणीत होता. पावडर कोणती, किती घातली, पाणी कुठलं, हे तीन प्रश्न फोनवरच विचारले असते तर कुणाला यायचीसुद्धा गरज नव्हती. तो राग अजून गेलेला नाही, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

फ्रंट लोडमध्ये पाणी तळाशी थोडंसंच असतं. ड्रम फिरतो, कपडे वर जातात आणि खाली आपटतात. मळ निघतो तो या आपटण्याने. फेस फार झाला की कपडे गादीवर पडावेत तसे अलगद पडतात आणि धुणं धड होत नाही. खरी अडचण पुढे, पिळताना येते. ड्रम आणि बाहेरच्या टबाच्या मधल्या फटीत फेस दाटतो आणि ड्रमला वेग घेता येत नाही. पंपाचं काम पाणी बाहेर ढकलण्याचं. फेसात बहुतेक हवाच असते, त्यामुळे पंपाचा पंखा नुसता गरगरतो. पाण्याची पातळी ओळखणाऱ्या बारीक नळीत फेस शिरला, तर पाणी अजून आत आहे असंच मशीन धरून चालतं. मग ते थांबतं, पुन्हा पाणी घेतं, पुन्हा खळबळतं, पुन्हा पिळायला जातं आणि पुन्हा अडकतं. काही मशीन अशा वेळी ‘एस यू डी’ अशी अक्षरं दाखवतात, काही नुसतीच वेळ वाढवत बसतात.

फेस की पंप, हे घरच्या घरी कळतं. आधी आवाज ऐका. फेस असेल तर पंप गुरगुरतो, मधूनच घशात अडकल्यासारखा आवाज येतो आणि पाइपातून पाण्याऐवजी पांढरा फेस नहाणी ट्रॅपवर, म्हणजे सांडपाण्याच्या जाळीवर येतो. पंप अडकला असेल तर एकसुरी घुंई ऐकू येते आणि बाहेर काहीच पडत नाही. पक्की खात्री नंतर करता येते. मशीन मोकळं झालं की कपडे आणि पावडर न घालता नुसतं रिन्स लावा. साधं पाणी मिनिट-दोन मिनिटांत जोरात बाहेर पडलं, तर पंप बदलायचं काही कारण नाही.

आता अडकलेलं मशीन सोडवायचं कसं? बंद करा, प्लग काढा आणि फेस बसू द्या. तासाभरात बराच खाली येतो. दार ओढू नका, आत पाणी आहे तोवर लॉक सुटत नाही आणि ओढाओढीत हँडल मात्र तुटतं. मग प्लग लावून फक्त ड्रेन किंवा स्पिन लावून बघा. तरीही पाणी गेलं नाही, तर पुन्हा प्लग काढा आणि खालच्या कोपऱ्यातली छोटी झडप उघडा. गरम पाण्याचा प्रोग्रॅम लावला असेल तर पाणी आधी निवू द्या, नाहीतर हात भाजेल. झडपेच्या आत बऱ्याच मशीनमध्ये बुच लावलेली बारीक नळी असते. तिच्याखाली पसरट परात ठेवून पाणी हळूहळू काढा. बादली तिथे मावत नाही. नळी नसेल तर फिल्टरचा गोल नॉब थोडा थोडा सैल करत परात रिकामी करत राहा. एकदम उघडला तर पाणी थेट दिवाणखान्यात.

फिल्टर निघाला की आत टॉर्च मारा. नाणी, केसांच्या पिना, कापडाची लव आणि न विरघळलेल्या पावडरचा चिखल सापडतो. मागे पंपाचा छोटा पंखा दिसतो, तो काडीने फिरवून बघा. तो सलग फिरत नाही, अडखळत, टप्प्याटप्प्याने फिरतो. आत चुंबक असल्यामुळे तो तसाच फिरतो. आमच्या इंजिनिअरने नेमकं हेच दाखवून ‘बघा, जाम आहे’ म्हटलं होतं.

फिल्टर साफ करून घट्ट बसवा, नळीचं बुच आणि झडप लावा, मग प्लग. नंतर अर्धे कपडे बाहेर काढा, सॉफ्टनरच्या, म्हणजे फुलाची खूण असलेल्या कप्प्यात एक झाकण फॅब्रिक सॉफ्टनर घाला आणि पावडरशिवाय रिन्स-स्पिन लावा. सॉफ्टनरने फेस झटकन मरतो. व्हिनेगरनेही मरतो, पण तो दर वेळी ओतायची सवय लावू नका, दाराच्या रबराला चांगला नाही.

हे सगळं होतं कशामुळे? आमच्या नाशकात पाणी बदलतं. महापालिकेचं पाणी गंगापूर, मुकणे, दारणा अशा धरणांचं, त्यामानाने हलकं. उन्हाळ्यात सोसायटी बोअर किंवा टँकरवर गेली की पाणी जड होतं. त्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम पावडर खातं, फेस होत नाही, म्हणून माप वाढवावंच लागतं. पावसाळ्यात नळाचं पाणी पुन्हा सुरू होतं, माप मात्र उन्हाळ्याचंच राहतं. टाकीत आज काय आलंय हे सोसायटीच्या ग्रुपवर कुणी सांगत नाही. त्यामुळे मी बाटलीत नळाचं पाणी घेऊन अंघोळीच्या साबणाचा कीस टाकतो आणि हलवतो. शेजारी आरओच्या पाण्याची तशीच बाटली. नळाच्या पाण्याला फेस कमी आणि वर पांढरट साय आली, तर पाणी जड. टीडीएस मीटरवर विसंबू नका, तो सगळेच क्षार मोजतो.

आमच्या ७ किलोच्या मशीनला, नेहमीच्या मळक्या कपड्यांना, हलक्या पाण्यात २ मोठे चमचे, म्हणजे साधारण ३० मिली मापाची पावडर पुरते. टँकरच्या पाण्यात ४ चमचे. लिक्विड असेल तर ३० आणि ६० मिली. पाकिटातले स्कूप विसरा, प्रत्येक कंपनीचा आकार वेगळा. भांडी बाजारातून मापाचा चमचा आणा. कपडे कमी असले की फेस जास्त होतो, म्हणून ड्रम अर्धाच भरला असेल तर माप कमी करा, पण अगदी निम्म्यावर नेऊ नका.

पाकिटावर ‘फ्रंट लोड’ असं स्पष्ट छापलेलं हवं. या पावडरीत फेस दाबणारे घटक असतात. बादलीच्या पावडरीत ते नसतात, तिथे गिऱ्हाइकाला फेस दिसावाच लागतो. पांढऱ्या कपड्यांना पावडर बरी, कारण कपडे उजळवणारं ऑक्सिजन ब्लीच बहुतेक पावडरीतच मिळतं आणि ते गरम पाण्यात नीट चालतं. रंगीत कपड्यांना लिक्विड. डिसेंबर-जानेवारीत टाकीचं पाणी इतकं गार असतं की पावडरचे गोळे ड्रॉवरमध्येच चिकटून बसतात. तेव्हा ४० अंशांचा प्रोग्रॅम लावा किंवा लिक्विड वापरा.

राहिलंच होतं. १५ मिनिटांच्या क्विक वॉशमध्ये रिन्स कमी असतात, तिथे चमचाभर पावडरसुद्धा पुष्कळ.

धुतलेला टॉवेल पावडरशिवाय ४० अंशांवर लावा आणि दहा मिनिटांनी काचेतून बघा. फेस दिसला तर तो मागच्या धुण्याचा, कापडातच राहिलेला. पावसाळ्यात टॉवेल कडक होतात आणि कुबट वास मारतात त्याचं हे एक मोठं कारण. फेस दिसेनासा होईपर्यंत एक-दोनदा असंच धुवा.

आणि मदतीला मावशी येत असतील तर त्यांना सांगून ठेवा, कॉलरला वडी घासली किंवा कपडे बादलीत पावडरमध्ये भिजवले तर ते खळबळून, पिळूनच मशीनमध्ये टाकायचे. एरवी तुम्ही ड्रॉवरमध्ये कितीही मोजून घाला, जास्तीची पावडर कपड्यांबरोबर आधीच ड्रममध्ये गेलेली असते.