म्युनिकच्या आराबेलापार्कमध्ये, फ्रेडीच्या एका गाण्यासाठी

म्युनिकच्या यू-४ भुयारी रेल्वेचं पूर्वेकडचं शेवटचं स्टेशन म्हणजे आराबेलापार्क. त्याच्या अलीकडचं स्टेशन संगीतकार रिचर्ड श्ट्राउस यांच्या नावाच्या रस्त्यावर आहे. १८६४ साली ते याच शहरात जन्मले. या भागातल्या रस्त्यांना त्यांच्या ऑपेरांची नावं दिली आहेत. एक रस्ता आराबेला, एक एलेक्ट्रा, आणि मधला चौक रोझेनकावालिअर. 'क्वीन' या ब्रिटिश रॉक बँडचा गायक आणि ऑपेरावर जीव असलेल्या फ्रेडी मर्क्युरीने आपला पहिला एकट्याचा अल्बम नेमका या पत्त्यावर करावा, याचा मला फार आनंद वाटतो. मी इथे आले ती त्यातल्या 'आय वॉज बॉर्न टू लव्ह यू' या गाण्यासाठी.

वर आलं की आराबेलाहाउस शोधावं लागत नाही. तेवीस मजले, लांबलचक काँक्रीट, साठच्या दशकातलं बांधकाम. आत हॉटेल, दवाखाने, भाड्याची घरं. संध्याकाळी कामावरून परतणारी माणसं पिशव्या घेऊन जात होती. याच इमारतीच्या तळघरात संगीत-निर्माते जॉर्जिओ मोरोडर यांनी सुरू केलेला म्युझिकलँड स्टुडिओ होता. रोलिंग स्टोन्स इथे आले, लेड झेपलिन आले, आणि डोना समरच्या १९७७च्या गाण्यातून नाचाच्या संगीताला इथेच नवं वळण मिळालं. क्वीन १९७९ साली आले. 'क्रेझी लिटल थिंग कॉल्ड लव्ह' फ्रेडीला शहरातल्या बायरिशर होफ हॉटेलात अंघोळ करताना सुचलं आणि ते या तळघरात मुद्रित झालं. पुढे भुयारी रेल्वे इथपर्यंत आली, तिचे हादरे ध्वनिमुद्रणात येऊ लागले आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला स्टुडिओ बंद झाला. मी त्याच रेल्वेने आले होते, हे तिथे उभी असताना सारखं मनात येत होतं.

पाहण्यासारखं म्हणाल तर एवढंच. पण ऐकण्यासारखं खूप आहे. कठड्याला टेकून मी हेडफोन लावले.

हे गाणं एप्रिल १९८५ मध्ये आलं आणि ब्रिटनच्या यादीत ११व्या क्रमांकापर्यंत गेलं. त्याच महिन्याच्या शेवटी 'मिस्टर बॅड गाय' हा अल्बम आला. निर्मितीत फ्रेडीच्या जोडीला राइनहोल्ड माक होते, की-बोर्डवर फ्रेड मँडेल आणि ड्रम्सवर कुर्ट क्रेस. क्वीनचा गिटारवादक ब्रायन मे याच्या गिटारची भिंत इथे नाही. सिंथेसायझर आहे, ठाम ठेका आहे आणि त्यावर तो आवाज. प्रेमगीत म्हटलं की आपण लाजणं, थांबणं, हळुवार सुरुवात गृहीत धरतो. हा माणूस मात्र धावत येऊन सगळं एका दमात सांगून टाकतो. वरच्या पट्टीत जाताना आवाज कुठेही हात आखडता घेत नाही.

ज्यांना फक्त मिशीवाला फ्रेडी माहीत आहे त्यांनी १९७४चे फोटो पाहावेत. फॅशन डिझायनर झँड्रा ऱ्होड्स यांनी शिवलेला पांढरा, चुण्यांचा, पंखांसारखा पसरणारा झगा, लांब केस, नखांना काळं पॉलिश. ग्लॅम रॉकचा तो ऐन बहर होता. पुरुषाने नटावं, मिरवावं आणि त्याबद्दल कुणाची माफी मागू नये, हा त्याचा गाभा. १९८५ पर्यंत झगा गेला, केस आखूड झाले. पण माझं ठाम मत आहे की तो नटवेपणा कुठेही गेला नाही. कपड्यांमधून तो गळ्यात उतरला. भावना पूर्ण साजशृंगारासह मांडायची, अर्धीमुर्धी नाही, हीच त्याची रीत होती आणि या गाण्यात ती सर्वांत उघडपणे दिसते.

मी साताऱ्याची. आमच्या जिल्ह्यातल्या पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये झांझिबारहून आलेला फारुख बुलसारा, म्हणजे हाच फ्रेडी, वसतिगृहात राहिला, पियानो शिकला, मित्रांबरोबर 'हेक्टिक्स' नावाच्या बँडमध्ये वाजवू लागला. फ्रेडी हे नावही त्याला तिथेच चिकटलं. पसरणीचा घाट चढताना हे मला नेहमी आठवतं. आठ-नऊ वर्षांचा, आईवडिलांपासून समुद्रापार असलेला मुलगा. प्रेम मागायचं तर मोठ्याने मागावं, हे त्याला तिथेच कळलं असेल का? हा माझा तर्क, पुरावा काही नाही.

दुसऱ्या दिवशी मी ग्लोकेनबाख भागात हिंडले. गेर्टनरप्लाट्झचा गोल चौक, तिथून जवळच डॉइचे आइशे हे हॉटेल, जिथे फ्रेडीचं जाणं-येणं असे, मग हान्स-साक्स-श्ट्रासेच्या जुन्या, देखण्या इमारती. लंडनमध्ये वार्ताहर पाठ सोडत नसत. इथे समलिंगी माणसांच्या वस्तीत तो निवांत फिरू शके. अभिनेत्री बार्बारा व्हॅलेंटिनसारखी जिवाभावाची मैत्रीण त्याला इथे मिळाली. सप्टेंबर १९८५ मध्ये ३९वा वाढदिवस त्याने इथल्याच क्लबात साजरा केला, पाहुण्यांना काळ्या-पांढऱ्या वेषात बोलावून. एवढ्या मोकळ्या हवेतच असं गाणं होतं. अल्बम त्याने आपल्या जेरी नावाच्या मांजराला आणि जगभरच्या मांजरप्रेमींना अर्पण केला, हेही मला त्या मोकळेपणातलंच वाटतं.

फ्रेडी १९९१ साली गेला. क्वीनच्या उरलेल्या तिघांनी १९९५च्या 'मेड इन हेवन' या अल्बमसाठी त्याचा तोच आवाज ठेवून गिटार आणि ड्रम्स नव्याने वाजवले. जपानमध्ये २००४ साली एका टीव्ही मालिकेमुळे ते रूप घराघरांत पोचलं. बहुतेकांना तेच आवडतं. त्यात दोस्तांचं प्रेम आहे, हे मला मान्य आहे, आणि मेची गिटार ऐकून माझाही गळा दाटतो. तरी मी १९८५च्या रूपाच्या बाजूने आहे. गिटार आली की गाणं चौघांचं होतं. तळघरातल्या रूपात तो एकटा आहे, आणि 'तुझ्यावर प्रेम करायलाच जन्मलो' असं एकट्यानेच म्हणायचं असतं.

म्युनिकला गेलात तर ओडिऑन्सप्लाट्झहून यू-४ पकडा. गाणं गाडीत लावू नका. वर या, इमारत दिसू द्या, मग आवाज मोठा करा.